हौशी खेळाडू, राजाश्रय आणि लहान शहर : भाऊसाहेब निंबाळकर यांच्या क्रिकेट कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राष्ट्रीय संघाच्या अंगाने झालेले आहे. जो खेळाडू कसोटी सामना खेळला त्याचे चरित्र लिहिले गेले. जो खेळला नाही त्याची नोंद आकडेवारीच्या एखाद्या ओळीत उरली. लहान शहरातून येऊन वर्षानुवर्षे हौसेने खेळत राहणारा, उपजीविकेसाठी दरबार, सैन्य, रेल्वे किंवा महाविद्यालय यांच्या आधारावर अवलंबून असणारा खेळाडू या लेखनात सहसा दिसत नाही. अमेरिकेतील लहान गावांच्या बेसबॉल संघांतून अनेक हंगाम विनामोबदला खेळणाऱ्या खेळाडूंकडे तेथील स्थानिक इतिहासलेखनाने आवर्जून लक्ष दिले आहे, कारण गावाचे सामाजिक जीवन अशा खेळाडूंच्या भोवती उभे राहिलेले असते. महाराष्ट्रात या प्रकारचा अभ्यास अद्याप पुरेसा झालेला नाही.

या दृष्टीने कोल्हापूरचे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१९१९-२०१२) यांची कारकीर्द महत्त्वाची ठरते. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ४४३ धावा ही आजही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणी सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या आहे. तथापि निंबाळकर यांचे नाव घेतले जाते ते बहुधा दोन उणिवांच्या संदर्भात : विश्वविक्रमासाठी थोड्या धावा कमी पडल्या आणि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासून या दोन उणिवांची कारणमीमांसा करण्याचा आणि हौशी खेळाडूच्या आश्रयव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

करवीर संस्थान आणि क्रीडापरंपरा

करवीर संस्थानची राजधानी १७८२ साली पन्हाळगडावरून कोल्हापूर येथे आली. त्यानंतर दरबार, लष्कर आणि व्यापारी पेठा यांच्या आधारे कोल्हापूर शहर वाढले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) कुस्तीला लाभलेला राजाश्रय सर्वज्ञात आहे. १९१२ साली सिद्ध झालेले खासबाग मैदान हे त्या आश्रयाचे मूर्त प्रतीक होय. पेठापेठांतील तालमी या केवळ व्यायामशाळा नव्हत्या. त्या पेठेच्या सार्वजनिक जीवनाची केंद्रे होत्या. पुढे फुटबॉल या खेळाला कोल्हापुरात जे लोकप्रेम मिळाले तेही याच तालमींच्या द्वारे. शहरातील अनेक फुटबॉल संघ आजही तालीम मंडळाच्या नावाने ओळखले जातात.

क्रिकेटची स्थिती मात्र वेगळी होती. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेत बडोदा, होळकर, नवानगर अशा संस्थानांचे संघ उतरले. कोल्हापूर संस्थानचा स्वतंत्र संघ या स्पर्धेत नव्हता. कोल्हापूरच्या खेळाडूला पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळवावे लागे, अथवा दुसऱ्या एखाद्या संस्थानच्या संघात जावे लागे. मल्लाला आपल्या गावात आखाडा, खुराक आणि प्रेक्षक मिळत असत. क्रिकेटपटूला मोठा सामना खेळण्यासाठी गाव सोडावे लागे. हा फरक निंबाळकर यांच्या कारकिर्दीचे आकलन करताना लक्षात घेणे आवश्यक आहे.

‘हौशी’ या संज्ञेचा भारतीय अर्थ

इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक क्रिकेटपटू यांच्यात औपचारिक भेद होता. त्यांच्यात स्वतंत्र सामने होत, धावफलकावर त्यांची नावे निराळ्या पद्धतीने लिहिली जात, आणि हा भेद १९६२ मध्ये रद्द होईपर्यंत कायम होता. त्या भेदामागे वर्गव्यवस्था होती : ज्याच्याजवळ उत्पन्नाचे अन्य साधन आहे तो हौशी आणि जो खेळण्याचे वेतन घेतो तो व्यावसायिक.

भारतात ही विभागणी त्या स्वरूपात रुजली नाही. येथे खेळाडूला खेळण्याबद्दल उघड वेतन देण्याऐवजी नोकरी देण्याची प्रथा पडली. होळकर संस्थानात सी. के. नायडू यांना सैन्यात कर्नल हे पद होते. सांगलीचे विजय हजारे यांना प्रथम देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांचा आणि नंतर बडोदा संस्थानचा आश्रय लाभला. हेच विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले, ही गोष्ट मराठी संस्थानांतील क्रीडाश्रयाचे परस्परसंबंध दाखविणारी आहे. महाविद्यालये हाही एक आधार होता. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर हे संस्कृतचे अध्यापक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला आणि वयाच्या पन्नाशीनंतरही ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत राहिले. त्यांनाही अधिकृत कसोटी सामना लाभला नाही.

म्हणजेच भारतीय हौशी खेळाडू आर्थिक व्यवहारापासून मुक्त नव्हता. त्याचा खेळ विनामूल्य होता, पण त्याची उपजीविका आश्रयदात्याच्या मर्जीवर आणि व्यवस्थेच्या स्थैर्यावर अवलंबून होती. आश्रय बदलला की संघही बदलत असे.

कारकिर्दीची रूपरेषा

निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे थोरले बंधू रावसाहेब निंबाळकर हेही प्रथम श्रेणीचे खेळाडू आणि यष्टिरक्षक होते. भाऊसाहेबांनी १९३९-४० च्या हंगामात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि १९६० च्या दशकापर्यंत ते खेळत राहिले. या काळात महाराष्ट्र, बडोदा, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून त्यांनी सामने खेळले.

या सहा नावांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यातील राजकीय स्थित्यंतर प्रतिबिंबित झालेले दिसते. बडोदा आणि होळकर ही संस्थानांची नावे. मध्य भारत हे विलीनीकरणानंतर निर्माण झालेल्या आणि १९५६ च्या पुनर्रचनेत संपुष्टात आलेल्या राज्याचे नाव. राजस्थान हे त्याच प्रक्रियेतून उभ्या राहिलेल्या राज्याचे नाव. आणि रेल्वे हे केंद्र सरकारचे खाते. रेल्वेचा संघ रणजी स्पर्धेत १९५८-५९ मध्ये प्रथम उतरला. त्या वेळी निंबाळकर यांचे वय चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. खेळाडूचा आश्रय दरबाराकडून सरकारी खात्याकडे कसा सरकला, याचे इतके स्पष्ट उदाहरण एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीत क्वचित आढळते.

आकडेवारीच्या दृष्टीने ८० प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा केल्या. त्यात १२ शतके आहेत. त्यांनी ५८ बळीही घेतले आणि प्रसंगी यष्टिरक्षणही केले. मात्र यातील सामन्यांची संख्या अधिक बोलकी आहे. सुमारे पाव शतकात ८० सामने म्हणजे एका हंगामात सरासरी तीन सामने. रणजी स्पर्धा १९५७-५८ मध्ये साखळी पद्धतीने सुरू होईपर्यंत बाद पद्धतीने खेळविली जात असे. एक सामना गमावला की संघाचा वर्षभराचा हंगाम संपुष्टात येत असे. वर्षातील तीन मोठ्या सामन्यांसाठी उरलेले वर्ष सराव, स्थानिक सामने आणि नोकरी यांत घालविणे, हे त्या पिढीच्या खेळाडूचे वास्तव होते. ‘हौस’ या शब्दाचा खरा अर्थ येथे लक्षात येतो.

डिसेंबर १९४८ चा डाव

काठियावाडविरुद्धच्या सामन्यात काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. त्यात निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ आणि कमल भांडारकर यांच्या २०५ धावा होत्या. निंबाळकर यांनी ४९४ मिनिटे फलंदाजी करून ४९ चौकार आणि १ षटकार मारला. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनी येथे केलेल्या नाबाद ४५२ धावांच्या विश्वविक्रमाची बरोबरी करण्यास ९ आणि तो मोडण्यास १० धावा हव्या असताना, मध्यंतराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधारांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला.

या घटनेची चर्चा आजवर खिलाडूवृत्तीच्या अभावाचे उदाहरण म्हणून होत आली आहे. ती चर्चा अनाठायी नाही. परंतु ऐतिहासिक संदर्भात तिच्याकडे अधिक बारकाईने पाहता येते. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठियावाडातील संस्थाने एकत्र येऊन संयुक्त राज्य स्थापन झाले होते आणि तेथील राजांची सत्ता संपुष्टात आली होती. क्रिकेटच्या मैदानावर मात्र कर्णधारपद अद्याप राजघराण्याकडेच होते. पहिल्या डावात ५८८ धावांनी मागे पडल्यामुळे सामन्याचा निकाल निश्चित झाला होता. उरला होता तो केवळ विक्रम, आणि तो विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाणे कर्णधाराला प्रतिष्ठेला बाधक वाटले असावे. सत्ता गेलेली असली तरी प्रतिष्ठेच्या कल्पना मागे रेंगाळत होत्या, असा या घटनेचा अर्थ लावता येतो. करवीर संस्थानही त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी, १ मार्च १९४९ रोजी, मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी युगाच्या अखेरच्या हिवाळ्यात हा डाव खेळला गेला.

दुसरी बाब अशी की, निंबाळकर यांनी ब्रॅडमन यांचा एक विक्रम या डावात प्रत्यक्षात मोडला होता. निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. त्याआधीचा दुसऱ्या गड्याचा विश्वविक्रम ४५१ धावांचा होता आणि तो १९३४ साली ओव्हल येथे पॉन्सफर्ड आणि ब्रॅडमन या जोडीने केला होता. ४५५ धावांचा हा विक्रम १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये जेमसन आणि कन्हाय यांनी मोडीपर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ टिकला. याउलट निंबाळकर यांनी ४५३ धावा केल्या असत्या तरी तो वैयक्तिक विक्रम जानेवारी १९५९ मध्ये हनीफ महंमद यांच्या ४९९ धावांनी मागे पडला असता. जो विक्रम झाला आणि दीर्घकाळ टिकला तो विस्मृतीत गेला, आणि जो हुकला तोच स्मरणात राहिला. लोकस्मृतीला हळहळ अधिक जवळची वाटते. इतिहासलेखनाने मात्र दोन्ही बाजूंची नोंद ठेवावयास हवी.

या डावाचे मूल्यमापन करताना त्या काळातील खेळपट्ट्यांचाही विचार करावा लागतो. १९४० च्या दशकात भारतात प्रचंड धावसंख्या होत असत. १९४५-४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके केली. त्यात १७२ धावांची खेळी निंबाळकर यांची आणि १४२ धावांची भांडारकर यांची होती. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. मार्च १९४९ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यातील एकाच सामन्यात २३७६ धावा निघाल्या. म्हणजे परिस्थिती फलंदाजांना अनुकूल होती यात संशय नाही. तरीही अशाच परिस्थितीत खेळलेल्या मर्चंट यांची सर्वोच्च धावसंख्या नाबाद ३५९ आणि हजारे यांची नाबाद ३१६ होती. जानेवारी २०२३ मध्ये पृथ्वी शॉ यांनी केलेल्या ३७९ धावा ही रणजी स्पर्धेतील दुसऱ्या क्रमांकाची धावसंख्या आहे. चारशेचा टप्पा त्या स्पर्धेत अन्य कोणीही गाठलेला नाही. त्यामुळे अनुकूल खेळपट्टी हे या डावाचे पूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही.

कसोटी संघाबाहेर : कारणमीमांसा

निंबाळकर यांना अधिकृत कसोटी सामना का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः निवड समितीच्या पक्षपातात शोधले जाते. उपलब्ध घटनाक्रम मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे.

प्रथम, त्यांच्या पदार्पणापासून जून १९४६ पर्यंत महायुद्धामुळे भारत एकही अधिकृत कसोटी सामना खेळला नाही. दुसरे, त्यांचा विक्रमी डाव वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतील दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीच्या दरम्यान झाला. त्या मालिकेत रुसी मोदी यांनी ५६० आणि हजारे यांनी ५४३ धावा केल्या. मधल्या फळीत जागा रिकामी नव्हती. त्याच मालिकेतील मद्रास कसोटीत महाराष्ट्राचे सलामीवीर मधुसूदन रेगे यांची निवड झाली होती. त्यामुळे महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे निवड समितीचे लक्षच नव्हते असे म्हणता येत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे होय. फेब्रुवारी १९४९ मध्ये ती मालिका संपल्यावर भारताची पुढील अधिकृत कसोटी नोव्हेंबर १९५१ मध्ये झाली. मधल्या काळात राष्ट्रकुल संघांविरुद्ध अनधिकृत सामने झाले आणि त्यांपैकी एकाच सामन्यात निंबाळकर यांना संधी मिळाली. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंतचा, फलंदाजाच्या बहराचा काळ, अधिकृत कसोटीविना गेला.

अर्थात याने निवडकर्त्यांची जबाबदारी पूर्णपणे संपत नाही. १९५१ नंतरही निंबाळकर खेळत होते आणि धावा करीत होते. ज्या खेळाडूच्या मागे मोठ्या शहरातील संघटना अथवा एकच कायमचा आश्रयदाता नाही, जो संघामागून संघ बदलत राहतो, त्याची बाजू मांडणारे कोणी नसते, ही शक्यता नाकारता येणार नाही. परंतु ती शक्यता म्हणूनच मांडली पाहिजे.

आश्रयाचे बदलते स्वरूप : खाशाबा जाधव यांच्याशी तुलना

याच कालखंडात कोल्हापूरशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका हौशी खेळाडूशी निंबाळकर यांची तुलना उद्बोधक ठरते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान अस्तित्वात नव्हते. पैसा लोकवर्गणीतून जमविला गेला आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे १९५५ मध्ये त्यांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली.

चार वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन प्रवासांत आश्रयव्यवस्थेची पोकळी स्पष्ट दिसते. दरबार गेला होता आणि शासनाची क्रीडाव्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. ती पोकळी एका बाजूला लोकांनी आणि एका शिक्षकाने भरून काढली. दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि पोलीस यांसारख्या खात्यांनी. खाशाबांचा खेळ वैयक्तिक होता, त्यामुळे एका प्रवासाचा खर्च उभा राहिला की संधी मिळत होती. निंबाळकर यांचा खेळ सांघिक होता. तेथे संधी विकत घेता येत नव्हती, ती निवडीतूनच यावी लागे. म्हणून गावाचे प्रेम खाशाबांना हेलसिंकीपर्यंत पोहोचवू शकले, निंबाळकर यांना कसोटी संघापर्यंत पोहोचवू शकले नाही.

समारोप

क्रिकेट नियामक मंडळाने २००२ मध्ये निंबाळकर यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांच्या कार्याची दखल घेतली. ११ डिसेंबर २०१२ रोजी, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतातील हौशी खेळाडूची कल्पना इंग्लंडहून भिन्न होती. येथे खेळाचे मोल नोकरीच्या रूपाने दिले जात असे, आणि आश्रय बदलताच खेळाडूचा संघ बदलत असे.

२. निंबाळकर यांच्या सहा संघांचा क्रम हा संस्थानी राजवटीकडून प्रजासत्ताकाकडे झालेल्या संक्रमणाचा क्रीडाक्षेत्रातील दस्तऐवज होय.

३. हुकलेल्या विश्वविक्रमावर भर दिल्यामुळे त्याच डावात प्रस्थापित झालेला भागीदारीचा विश्वविक्रम दुर्लक्षित राहिला.

४. कसोटी सामना न मिळण्यामागे केवळ पक्षपात नव्हे, तर महायुद्ध, कसोटी मालिकांमधील प्रदीर्घ खंड आणि समकालीन फलंदाजांची गुणवत्ता ही कारणे होती. लहान शहरातील खेळाडूला खंबीर पाठबळ नसणे हेही एक संभाव्य कारण होते.

खेळाडूचे मोल केवळ कसोटी सामन्यांच्या संख्येवर ठरविल्यास देवधर आणि निंबाळकर या दोघांचीही किंमत शून्य येते. निकष बदलणे आवश्यक आहे, हेच त्यावरून सिद्ध होते. तालमी, महाविद्यालयांचे वार्षिक अंक, संस्थानी दफ्तरे, रेल्वे व पोलीस खात्यांच्या नोंदी आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या आठवणी ही साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांनी ती एकत्रितपणे जतन केल्यास, पंचवीस वर्षे हौसेने खेळत राहिलेल्या अशा अनेक खेळाडूंना इतिहासात त्यांचे न्याय्य स्थान मिळू शकेल.